फोर्ट कोची: स्वस्त रिक्षात बसू नका, बाजार रोड चालत करा

फोर्ट कोचीच्या जेट्टीवर उतरलं की रिक्षावाले गाठतातच. "सगळं दाखवतो, शंभर रुपये द्या." बसू नका, अगदी बजावून सांगतो. आम्हाला सेंट फ्रान्सिस चर्चला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. मग मसाल्याचं दुकान, गालिच्यांचं दुकान, पुन्हा मसाल्याचं. गिऱ्हाईक आणलं की चालकाला दुकानदाराकडून कमिशन मिळतं, भाडं स्वस्त असतं ते त्यामुळेच. पुढच्या दुकानात शिरायला नकार दिला तर गडी भडकला आणि तिप्पट पैसे मागायला लागला. ठरलेले शंभर हातावर ठेवले आणि चालू पडलो.

ते चालणं हीच खरी कोची. कल्वत्तीवरून बाजार रोडने मट्टनचेरीपर्यंत दोन-अडीच किलोमीटर. फूटपाथ जवळजवळ नाहीच, ट्रक अंगाला घासून जातात, दमट हवेत शर्ट पिळून काढावा लागतो. तरीही चाला. दोन्ही बाजूंना जुन्या कौलारू वखारी, जाडजूड लाकडी दारं. पाण्याकडच्या वखारींची मागची बाजू थेट खाडीवर उघडते, कारण माल होड्यांतून यायचा. पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे कशासाठी भांडले ते इथे मिरी-सुंठेच्या वासावरून समजतं. सकाळी लवकर निघा, दुपारी हा रस्ता अंत पाहतो.

वार मात्र नीट बघा. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ शुक्रवारी आणि शनिवारीही बंद. राजवाड्याला डच पॅलेस म्हणत असले तरी तो पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी नंतर डागडुजी केली. आतली रामायणाची भित्तिचित्रं घाईत पाहू नका. सिनेगॉग १५६८ चं. जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

सेंट फ्रान्सिसला स्वतःच्या वेळेने जा. वास्को द गामाला १५२४ मध्ये इथेच पुरलं होतं. पुढे १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, पण थडग्याची जागा अजून दाखवतात. भिंतींवर डचांचे थडग्यांचे दगड आहेत, तेही वाचा.

मासे पकडायची मोठी चिनी जाळी किनाऱ्यावरून फुकट दिसतात. "या, दोर ओढा" म्हणून फळ्यांवर बोलावलं तर वर चढायच्या आधी पैसे ठरवा. परतताना पलीकडच्या एर्नाकुलमला सरकारी बोटीने या: काही रुपयांचं तिकीट आणि छान वारा.