अनडू नसलेला कागद
आजचा दिवस स्क्रीनवरचं चित्र जलरंगात उतरवण्यात गेला. खरी अडचण पांढऱ्याची. डिजिटलमध्ये तो शेवटी वरून देता येतो. इथे कागदच पांढरा, म्हणून उजेडाच्या जागा एचबी पेन्सिलने हलक्या आखून कोऱ्या राखायच्या. कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या, पातळ कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. वाळल्यावर रंग फिका पडतो, त्यामुळे थोडा गडदच लावा. कातरलेल्या कडांचे डाग पडतायत? अर्धवट ओल्या थरावर जास्त ओला ब्रश टेकवलात. पालथा हात लावून पाहा. कागद गार लागला तर लेअर वाळलेला नाही. सावलीला तयार काळ्यापेक्षा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचं मिश्रण जिवंत दिसतं. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा मात्र विसरा, ती प्रकाशाची करामत आहे.