बोटीवर नजर

बरणीतल्या काकड्या माझ्याकडे बघून हसत होत्या. बुडापेस्टच्या मोठ्या मंडईच्या तळघरात लोणच्यांची दुकानं आहेत आणि कुणा हौशी दुकानदाराने काचेच्या बरण्यांत काकड्या, मिरच्या अशा रचल्यात की प्रत्येक बरणीला एक चेहरा. एकाला तर लाल मिरचीचं वाकडं तोंड. आमच्याकडे ओल्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवू देत नाहीत, इथे तिला नाक-डोळे! मी चांगलीच रमले होते. तरी तोंडातून निघालंच, "किती वाजले?"

नवऱ्याने उत्तर दिलं नाही. डॅन्यूब नदीतून जाणारी आमची बोट संध्याकाळी सातला सुटायची होती आणि अजून दुपारचे बाराही झाले नव्हते. बॅगा सकाळीच बोटीवर दिलेल्या, खोली तीननंतर मिळणार. हात मोकळे, समोर अख्खं शहर. पण सुटायची बोट नजरेआड झाली की मला करमत नाही.

हे आजीकडून आलंय. लहानपणी कोकणात जायला भाऊच्या धक्क्यावर बोट धरायची, तर ही भल्या पहाटे सगळ्यांना उठवून टॅक्सीत कोंबायची. धक्क्यावर मासळीचा वास, हमालांची आरडाओरड आणि आजी वळकटीवर बैठक मारून, तिकिटं पदराच्या गाठीत. "शू लागली" म्हटलं तरी आधी बोटीकडे बघायची, मग आमच्याकडे. "बोट म्हणजे एसटी नव्हे, हात केला की थांबायला!" बोट लागू नये म्हणून आवळासुपारी मात्र धक्क्यावरच प्रत्येकाच्या तोंडात. आमचं तोंड आंबट, बोट अजून नांगरलेलीच.

तर माझ्या बुडापेस्टदर्शनाला एकच अट: नदी दिसली पाहिजे. त्यामुळे 1896 सालची ती चिमुकल्या पिवळ्या डब्यांची भुयारी मेट्रो बाद. नवरा तिच्यासाठी किती दिवस वाचून आला होता. गरम पाण्याची कुंडं तर बादच, ओल्या केसांनी बोट कोण गाठणार? मंजूर झाली दोन नंबरची ट्रॅम, कारण ती पेस्टच्या, म्हणजे नदीच्या पूर्वेकडच्या, काठाकाठाने जाते. साखळीपूलही मंजूर. हा पूल 1849 चा, बुडा आणि पेस्ट मिळून एक शहर झालं ते 1873 साली. म्हणजे आधी पूल, मग सोयरीक. 1945 साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला, तर इथल्या लोकांनी तो पुन्हा उभारून 1949 मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी खुला केला. मधोमध उभं राहिलं की डावीकडे बुडाचा डोंगर, उजवीकडे पेस्टची सपाटी, आणि मागे वळलं की आमची बोट. नवरा संसदेच्या घुमटाचे फोटो काढत होता, मी बोटीचे.

संसदेच्या अलीकडे, अगदी काठावर, लोखंडी बूट आहेत. साठ जोड. 1944-45 च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरीतल्याच नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे उभं करून गोळ्या घातल्या. देह डॅन्यूबने नेले. आधी बूट मात्र काढून घ्यायचे, कारण बुटांना किंमत होती. हे स्मारक 2005 सालचं. टाचा झिजलेले पुरुषी बूट, उंच टाचेचा बायकी जोड, आणि एक एवढासा, त्यात कुणीतरी चॉकलेट ठेवलेलं. चांदीत गुंडाळलेलं, उन्हाने मऊ पडलेलं. तिथे आलेली माणसं नकळत आपापल्या पायांकडे बघतात. मीही बघितलं.

"चल, पाच वाजत आले," नवरा म्हणाला. हे त्याने मला सांगायचं!

धक्क्यावर बोटी एकीला एक लावून ठेवलेल्या, आमची पलीकडची. तिच्यापर्यंत जायचं तर अलीकडच्या बोटीच्या दिवाणखान्यातून, चहा पीत बसलेल्या परक्या माणसांना हसून दाखवत जायचं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. सातच्या ठोक्याला आम्ही सुटलो. टेबलावरच्या ग्लासातलं पाणीसुद्धा हललं नाही. पोटात ढवळत नाही ती कसली बोट, असं आजी नक्की म्हणाली असती. आवळासुपारीची पुडी पर्समध्ये होती. आणलीच आहे तर म्हणून एक तुकडा तोंडात टाकला, एक नवऱ्याला दिला.