ढालीतली ढाल

इंग्लंडच्या सफोक काउंटीतल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये भिंतीवरून उतरवलेलं हॅचमेंट दोन टेबलं जोडून त्यावर ठेवलं होतं. हॅचमेंट म्हणजे एका कोपऱ्यावर उभी टांगलेली चौकोनी पाटी. जमीनदार घराण्यातलं कुणी गेलं की कुलचिन्ह रंगवून ती काही महिने हवेलीवर लावत आणि मग कायमची चर्चमध्ये. माझं काम तिच्यावरची काजळी, वटवाघळांचे डाग आणि पिवळं पडलेलं वार्निश काढायचं.

हॅचमेंट वाचताना आधी ढालीमागचा रंग बघायचा. नवरा गेला आणि बायको मागे राहिली, तर पाहणाऱ्याच्या डावीकडचा अर्धा भाग काळा, उजवीकडचा पांढरा. बायको आधी गेली तर उलट. अविवाहित असेल तर सगळंच काळं. माझ्यासमोरची पाटी डावीकडे काळी, उजवीकडे पांढरी होती. म्हणजे बायको हयात. मग तिचं चिन्ह कुठे? ढाल उभी दुभागून एका बाजूला नवऱ्याचं, दुसऱ्या बाजूला तिच्या माहेरचं चिन्ह असायला हवं. इथे अख्खी ढाल एकट्या नवऱ्याची.

"रंगाऱ्याची चूक असेल," वरिष्ठ फोनवर म्हणाले. घाईत रंगवलेल्या या पाट्यांत चुका सापडतात, खरं आहे. पण नीट न बघताच चूक म्हणून मोकळं व्हायची आमच्या धंद्यातली सवय मला चीड आणते.

खिडक्या झाकून अतिनील दिवा लावला. त्या उजेडात जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर चढवलेला रंग काळा दिसतो. ढालीच्या बरोबर मध्यावर तळहाताएवढा काळा डाग होता, आकार ढालीचाच. टॉर्च तिरका धरला तर खालच्या रंगाची उंचावलेली कडही दिसली. बायकोला भाऊ नसेल आणि वडिलांच्या चिन्हाची वारस तीच असेल, तर तिचं चिन्ह असं मध्यावर, छोट्या ढालीत घालतात. ते कुणीतरी झाकून टाकलं होतं.

विद्राव्यतेच्या चाचणीची, म्हणजे वरचा रंग कशात विरघळतो ते बघायची, परवानगी होती. कडेला कापसाच्या बोळ्याने तांदळाच्या दाण्याएवढी जागा उघडली. खाली लाल रंग, आणि त्या लालात सोन्याचा वर्ख.

मग काउंटीच्या अभिलेखागारात गेले. लग्नाच्या करारनाम्यात सात शेतं, सगळी तिच्या वडिलांची. चर्चमधल्या घराण्याच्या फलकावर मात्र ओळीने पुरुषच आहेत. असे फलक लावणाऱ्यांना कुलचिन्ह म्हणजे आडनावाचा शिक्का वाटतो. इंग्लंडमध्ये ते आडनावाला मिळत नाही, विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं. त्यात बायकांची माहेरं मोजूनमापून नोंदलेली असतात. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या 1882 च्या कायद्याआधी लग्न झालेल्या बाईच्या जमिनीचा खंड साधारणपणे नवराच घ्यायचा, पण तिच्या बापाचं चिन्ह ढालीच्या मध्यावर असायचं. इथे तेही गेलं.

मुद्दाम झाकलं, की रंग उडाला म्हणून कुणी भल्या माणसाने बुजवलं? वरचा रंगही आता इतिहासच आहे. तो काढला की परत येणार नाही. काढायचा असेल तर बिशपच्या प्रांताची वेगळी परवानगी लागेल. मी दोन अहवाल लिहिलेत, एक काढण्याच्या बाजूने, एक ठेवण्याच्या. चर्च सांभाळणाऱ्या आजींनी एवढंच विचारलं, "तिचं नाव काय होतं?" करारनाम्यात होतं, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं.

पाटी अजून टेबलावरच आहे. उघडलेल्या दाण्याएवढ्या जागेवर मी टिश्यूचा तुकडा लावून ठेवलाय.