दोन टक्क्यांसाठी एवढं रान का?

म्हादई कर्नाटकात उगम पावून गोव्यात येते; तिचं पाणी गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्रात कसं वाटायचं, यावर म्हादई जलविवाद लवादाचा निवाडा 14 ऑगस्ट 2018 ला आला. त्यावर गोव्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि त्या तयारीसाठी दिल्लीहून एक वकील पणजीला आले. त्यांना नदी दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पाणी मोजणं हीच माझी नोकरी. मे महिना होता.

साखळी येईपर्यंत ते निवाड्याची पानं चाळत होते. मग म्हणाले, "लवाद म्हणतो, 75 टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी, नदीत वर्षाला 188.06 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे. मलप्रभा नदीकडे वळवायला कर्नाटकाला मिळालं 3.9. म्हणजे दोन टक्के. दोन टक्क्यांसाठी एवढं रान का उठवता?"

प्रश्न झोंबला, पण रास्त होता. कोर्टात नेमकं हेच विचारलं जाणार. मी म्हटलं, "आधी वर चढू."

केरी मागे टाकून चोर्ला घाटाने कणकुंबीला पोचलो. गाव खानापूर तालुक्यातलं, बेळगाव जिल्ह्यातलं, पण बोलणं मराठी. मलप्रभा इथेच उगम पावते आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच शिवारातून कळसा नाला पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो. दोन समुद्रांकडे जाणारं पाणी एकाच गावात पडतं आणि मधे कळशाचं पाणी मलप्रभेत न्यायला तांबड्या मातीत कालवा खोदलेला. वकीलसाहेब बराच वेळ काठावर उभे होते. नकाशात हे दिसत नाही.

तिथे एका आजींनी हटकलं. "गोव्याचे काय रे तुम्ही?"

"होय आजी."

"पावसात दार उघडवत नाही इतका कोसळतो. आणि आता बघा, हंडाभर पाण्याला किती चालायचं ते. वाटण्या करताना आमचं पण लिहा कुठंतरी."

वकिलांनी ते वहीत टिपून घेतलं. हुबळी-धारवाडच्या नळांना पाणी हवं, ही कर्नाटकाची मागणीही खोटी नाही. तहानेला राज्य नसतं, हे मी बैठकांतही बोललो आहे.

परतताना गोव्यातल्या गांजे गावाच्या वरच्या अंगाला म्हादईत उतरलो. करंट मीटर म्हणजे प्रवाहाचा वेग मोजायचं यंत्र; त्याचे कप पाण्यात सोडले की प्रवाहाच्या वेगाने फिरतात आणि ठरावीक फेऱ्यांनंतर हेडफोनमध्ये टिक वाजते. जुलैत पुलावरून वजन लावून मीटर सोडावा लागतो आणि टिका एकमेकींवर आदळतात. त्या दुपारी पाणी पोटरीला लागत होतं. हेडफोन मी साहेबांच्या कानाला लावला. एक टिक. थांबा. आणखी थांबा. दुसरी टिक यायच्या आत त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"साहेब, वर्षाचे ते 188 जवळजवळ सगळे पावसाळ्याचे आहेत. आपली माणसं जगतात ती मे महिन्याच्या पाण्यावर. समुद्राची भरती पन्नासेक किलोमीटर आत, या गांज्यापर्यंत रेटत येते. वरून गोडं पाणी हटलं की खारं वर सरकणार. मग काठची शेती, खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं), पंप, सगळ्यांचंच अवघड."

"पण ते तर पावसाचंच पाणी वळवू म्हणतात."

"पावसात डोंगरात मुरतं तेच झऱ्यांतून आज इथे येतंय. माथ्यावर उचल केली तर त्यातलं किती घटेल, हे छातीठोक सांगायला प्रत्येक नाल्यावर वर्षानुवर्षांच्या रोजच्या नोंदी हव्यात. तोवर वर्षाच्या बेरजेवर नदी वळवणं मला मान्य नाही. एकदा दुसऱ्या खोऱ्यात गेलेलं पाणी परत येत नाही."

ते गाडीत बसताना म्हणाले, "वार्षिक कोष्टक बाजूला ठेवा. मला महिनावार द्या."

रात्री ऑफिसात बसून ते केलं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या ओळी भरगच्च, मेची ओळ नावापुरती. तेच पान फाइलमध्ये सर्वांत वर लावलं.

2023 मध्ये केंद्राने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 'प्रवाह' प्राधिकरण नेमलं. माझी त्यांच्याकडे एकच मागणी आहे. कळसा, तसाच वळवायचा दुसरा नाला भांडुरा आणि गांजे इथलं मोजमाप तिन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी मिळून करावं आणि त्या दिवसाचा आकडा त्याच दिवशी तिघांच्या टेबलावर असावा.