मानेला-कमरेला ताण: किती द्यायचा आणि कधी थांबायचं

मणक्याला हळुवार ताण (ट्रॅक्शन) देताना ओढण्यापेक्षा सोडणं जास्त जपून करावं लागतं. ताण एकदम सुटला की पाठीचे स्नायू आखडतात आणि टेबलावर बरं वाटत असलेला माणूस उठताना कळ मारते म्हणून थबकतो. मशीन असो वा हात, ताण हळूच चढला पाहिजे आणि तितकाच हळू उतरला पाहिजे.

फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन हा कायरोप्रॅक्टिकमधला, म्हणजे हातांनी मणक्यांवर उपचार करण्याच्या पद्धतीतला प्रकार. यात मणके कडकन वाजवत नाहीत. पेशंट पालथा झोपतो आणि टेबलाचा कमरेखालचा भाग सांध्यावर खाली झुकतो. कायरोप्रॅक्टरचा एक तळहात दुखऱ्या गादीच्या (दोन मणक्यांमधल्या चकतीच्या) वरच्या मणक्यावर स्थिर असतो, दुसरा हात टेबल खाली नेतो. आधी चाचणी: एक घोटा धरून हलकेच ओढायचा, मग दुसरा, मग दोन्ही. यातच पायात कळ उतरली तर त्या दिवशी पुढे जायचं नाही. पायात कळ जाणाऱ्यांसाठी नेहमीची पद्धत म्हणजे 4 सेकंदांचा एक असे 5 ताण झाले की थोडा थांबा, आणि असे 3 फेरे. टेबल खाली जातं ते अगदी थोडं. जास्त झुकवल्याने जास्त गुण येत नाही.

मोटरच्या टेबलावर कमरेला ताण देताना बहुतेक चुका कमरेला बांधायच्या पट्ट्यात होतात. पट्ट्याची वरची कड कमरेच्या हाडाच्या किंचित वर बसायला हवी. गुळगुळीत कपड्यावर तो घसरतो, मग ताण मणक्याऐवजी कपड्याला बसतो. दुसरी चूक म्हणजे टेबलाचा सरकता भाग मोकळा न करणं. तसं झालं तर अंगाच्या घर्षणातच बराचसा ताण खर्ची पडतो. आकडा दिसतो, पण मणक्यापर्यंत पोचत नाही. सुरुवात वजनाच्या साधारण पाव भागापासून: 60 किलोच्या माणसाला 15 किलो. गुडघ्यांखाली स्टूल, 30 ते 60 सेकंद ताण, 10 ते 20 सेकंद ढील, एकूण 15 ते 20 मिनिटं.

मानेला याच्या कितीतरी कमी लागतं. डोक्याचं वजनच 4.5 ते 5 किलो असतं, म्हणून झोपवून 3-4 किलोपासून सुरू करावं. मानेच्या खालच्या भागासाठी 15 ते 20 अंश पुढे झुकाव. ओढ डोक्याच्या मागच्या हाडावर यावी. हनुवटीवर आली तर जबड्याचा सांधा दुखतो, आणि पेशंटला वाटतं मानच बिघडली.

गुण येतोय का, हे कळ कुठे सरकते त्यावरून ओळखावं. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कमरेत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. उलट कंबर हलकी झाली पण मुंग्या पावलापर्यंत गेल्या, तर लगेच थांबा. ‘आज थोडं जास्त वजन लावून बघू’ हा मोह इथे फार महागात पडतो.

अपेक्षाही माफक हवी. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) कंबरदुखीवर ट्रॅक्शनचा फारसा परिणाम दिसला नाही. शिवाय बाहेर आलेली गादी अनेकदा काही महिन्यांत आपोआपही आकसते. त्यामुळे सोबत चालणं आणि व्यायाम हवाच, आणि दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर हा उपचार ओढत राहू नये. ‘25 सिटिंग्जचं पॅकेज आत्ताच घ्या’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये.

हाड मोडलेलं, ठिसूळ झालेलं, मणक्यात गाठ किंवा संसर्ग, संधिवाताने सैल झालेली मान, पोटातल्या महाधमनीचा फुगवटा: यांत ताण देत नाहीत. गरोदरपणी कमरेचा पट्टा नको. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर थेट इस्पितळात जा. बटण लावताना बोटं अडखळू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर मानेला हात लावू देण्याआधी तपासणी करून घ्या.

ताण उतरल्यावर चार-पाच मिनिटं तसंच पडून राहायचं, मग कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. त्यानंतर तासभर वाकणं आणि ओझं उचलणं टाळा.