आजोबांच्या निगेटिव्ह्ज: स्कॅन झाल्या, आता नावं

आग्फा क्लिक थ्रीच्या कृष्णधवल निगेटिव्ह्जचं स्कॅनिंग एकदाचं संपलं. वडोदऱ्यात बनणारा हा कॅमेरा १२० नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे १२ फोटो काढायचा. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, १६०० डीपीआय (इंचाला १६०० ठिपके) पुरतं, एका बाजूला साधारण ३५०० पिक्सेल मिळतात. त्यापुढे फक्त फाईल फुगते, कारण क्लिक थ्रीचं साधं भिंग तेवढे बारकावे टिपतच नाही. स्कॅनरमधली इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून काढायची सोय मात्र बंद ठेवा. कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि सॉफ्टवेअर चेहऱ्यालाच धूळ समजतं.

काही पट्ट्यांवर बुरशी होती. तिला पाणी लावू नका, बुरशीने चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर विरघळण्याजोगा होतो आणि चित्रच वाहून जातं. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे फिल्म खराब होऊ लागल्याची खूण, त्या पट्ट्या वेगळ्या काढून आधी स्कॅन केल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला नावांवर, आणि तो तिथेच जायला हवा. आत्याला टीव्हीवर फोटो मोठा करून दाखवते, ती बोलते ते रेकॉर्ड करते. पूर्वी लग्नात मुलीचं नावच बदलायचे. त्यामुळे परकर-पोलक्यातली मुलगी आणि पुढे कुणाच्या बारशाला आलेली काकू एकच, हे नावावरून कळत नाही. म्हणून फोटो शोधायच्या शब्दांत, म्हणजे कीवर्डमध्ये, माहेरचं, सासरचं आणि घरातलं हाकेचं, अशी तिन्ही नावं टाकते.

हे सगळं एक्झिफटूल या प्रोग्रामने फाईलच्या आतच, एक्सएमपी या माहितीच्या कप्प्यात. एक्सएमपी सगळ्या लिपी सामावणाऱ्या युनिकोडमध्ये असल्याने देवनागरी शाबूत राहते. एक्झिफ या दुसऱ्या, जुन्या कप्प्यातलं वर्णनाचं खानं मुळात आस्कीपुरतं, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरतं, तिथे मराठीचा भरवसा नाही. तारीख पक्की नसेल तर ‘१९६५ च्या सुमारास’ असं वर्णनात लिहिते, तारखेच्या खान्यात खोटा दिवस भरत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो आणि लिहिलेली माहितीही गळते. नागपूरच्या चुलतभावाला मूळ फाईल मिळाली म्हणून तो चेहरे मोठे करून बघू शकला. आत्याला न आठवलेली मागच्या रांगेतली दोन माणसं त्याने ओळखली!

आता सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट. लालसर पडलेत, तेव्हा निगेटिव्ह सापडेल तिथे तिचंच स्कॅन करणार. बाकीचे चिकट पानांच्या अल्बममधून सोडवायचे आहेत. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा मागून सरकवून कोणी प्रिंट काढले असतील, तर कोपरे कसे सांभाळले ते सांगा.