ऊर्णा : मधला ह२ मागे घेतोय

गेल्या नोंदीत संस्कृत 'ऊर्णा'साठी (लोकर) *ह२व्-ऌह२-ना असा साचा मांडला होता, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरेंच्या सामाईक आदिभाषेतलं कल्पिलेलं मूळ रूप (* ही त्याची खूण). ह१, ह२, ह३ हे त्या भाषेतले, पुढे लोपलेले ह-सारखे वर्ण, म्हणजे लॅरिंजियल. तो साचा मोडला. सुरुवातीचा ह२ पक्का आहे, हिटाइट (तुर्कस्तानातली प्राचीन भाषा) 'हुलाना'तला ह त्याला धरून आहे. घोळ मधल्याचा.

लॅटिन 'लाना'त (लोकर) आ दिसला आणि ह२ लिहून मोकळे झालो. चूक तिथेच. ह२ शेजारच्या ए-चा आ करतो हे खरं, पण इथे शेजारी ए नाहीच, ऌ (स्वरासारखा ल्) आहे. ऋ, ऌ किंवा स्वरासारखा न्, त्यापुढे कुठलाही लॅरिंजियल आला तरी लॅटिन आ-च काढते. पडताळा : संस्कृत–लॅटिन जोड्या स्तीर्ण–'स्त्रातुस'मध्ये (पसरलेलं) ह३, जात–'ग्नातुस'मध्ये (जन्मलेला) ह१. आ दोन्हीकडे. म्हणजे या कामात लॅटिनची साक्ष बाद.

मग 'पूर्ण' आडवा आला. साचा तोच : ओष्ठ्य वर्णापुढे ऌह, म्हणून संस्कृतात ऊर् (एरवी ईर्, जसं दीर्घ, जीर्ण). लिथुआनियन विल्ना–पिल्नास, गॉथिक वुल्ला–फुल्स (लोकर–पूर्ण), जोड्या बिनचूक जुळतात. लॅटिनमध्ये मात्र आ-ऐवजी ए, 'प्लेनुस'! हा ए 'इम्प्लेरे' (भरणे) वगैरे क्रियापदांतल्या 'प्ले-'वरून शिरलाय. ग्रीक 'लेनोस'चा (लोकर) ए-ही कामाचा नाही, अ‍ॅटिक बोलीत जुन्या आ-चाही ए होतो. निकाल लागलाच तर डोरिक रूपावर (ही दुसरी ग्रीक बोली, तिथे जुना आ टिकतो). तोवर मध्ये नुसता ह, आकडा नाही.

पोकोर्नीचा इंडो-युरोपियन व्युत्पत्तिकोश (१९५९) फक्त सगोत्र (एकाच मुळातले) शब्द गोळा करायला उघडावा. त्यात लॅरिंजियल नाहीतच, साचे तिथून उचलू नयेत. मराठीपर्यंत उतरायला टर्नरचा इंडो-आर्यन भाषांचा कोश (१९६६), त्याला तोड नाही.

माझ्या सगोत्र शब्दांच्या तक्त्यात लोकरीच्या ओळीत मराठी 'ऊन' घुसलं होतं, ते काढलंय. हिंदी ऊन < उण्णा < ऊर्णा, जसं कर्णाचं कान, पर्णाचं पान. आपलं ऊन < उण्ह < उष्ण. पुरावा रोजच्या तोंडातला : उन्हात, उन्हाळा. तो ह ऊर्णेतून येणार कुठून? सोलापुरात मे महिन्यात तरी ही गल्लत व्हायला नको होती. घोंगडी लोकरीची, ऊन डोक्यावरचं.

पुढची पाळी मागावरच्या 'ताण्या'ची (*तेन-) होती. ती लांबवतो, आधी उष्ण. संस्कृत ओषति, ग्रीक 'हेउओ', लॅटिन 'ऊरो', तिन्ही जाळण्या-भाजण्याची क्रियापदं, *एउस-मधून. 'ऊरो'तला र मुळात स : दोन स्वरांमध्ये सापडला म्हणून बदलला. 'उस्तुस'मध्ये (जळलेलं) पुढे त असल्यानं वाचला.